तीन नंबरच्या खोलीचं दार

उमसाँग,
१९ एप्रिल

आदरणीय दाजी,

कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी परवानगी दिली आहे त्यापेक्षा दोन बोटं जास्तच वाकलो आहे, कारण पत्राला उशीर झाला आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताई फोनवर म्हणाली की उजवा आता बरा आहे, पण त्याचे लाड झालेले पाहून डावा दुखायला लागला आहे. लसणीच्या वाफ्यात उकिडवे बसू नका असं ती तुम्हाला बजावते आणि तरी तुम्ही बसता, असंही तीच सांगते. तुमच्या नामहेला या दिवसांत समुद्रावरून वारा फार येतो, तेव्हा निदान पाठीला काहीतरी बांधून बसा. ताईने रक्तदाबासाठी मीठ सोडलं हे ऐकून आनंद झाला, पण मागल्या महिन्यात तिने पाठवलेली सुकी मासळी खाऊन आम्ही दोघं मिळून सहा लिटर पाणी प्यायलो. ते मीठ तिने सोडलं असेल तर आमच्याकडे सोडलं आहे.

इकडची खुशाली म्हणजे ही बरी आहे. रोज तीन वेळा वेळेवर रागावते. माझा डावा कान अजून वाजतो. कारखान्यातल्या स्फोटाला दीड वर्ष झालं तरी आत एक रातकिडा बसला आहे, तो दिवसाही थांबत नाही. मी हिला समजावून सांगितलं की तुझं बोलणं मला ऐकू येतं, पण त्या किड्याच्या मागून येतं. ती म्हणाली, "मग त्या किड्यालाच विचारा, आज कचरा कोणाच्या पाळीचा." बाकी सर्व ठीक.

दाजी, गेली पंचवीस वर्षं मी नक्की काय काम करतो हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. ताईची समजूत आहे की मी बँडेजच्या दुकानात आहे. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या शाळेतल्या प्यो मान-होंगला चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलंत, तेव्हा तुम्हीही बहुधा तेच समजत होतात. (ती चिठ्ठी मला अजून पाठ आहे. 'हा माझा जुना विद्यार्थी. हाताने हुशार, तोंडाने कंजूस. कुठेतरी चिकटवून द्यावा.') मी त्याला देखभाल विभागात चिकटवून दिला आणि तो असा चिकटला की पुढे कारखान्यात एखादं यंत्र बिघडलं की लोक मॅनेजरला न सांगता आधी मान-होंगला सांगत. मॅनेजरला सांगितलं की बैठक व्हायची. मान-होंगला सांगितलं की यंत्र चालू व्हायचं.

तर काम असं. सुया, नळ्या, जखमेवरच्या पट्ट्या हे सगळं खोक्यांत बंद होऊन आमच्याकडे येतं. वाफेत उकळावं तर प्लास्टिक वितळतं. म्हणून मालट्रक आत जाईल एवढ्या लोखंडी खोलीत ती खोकी ठेवायची, दार बंद करायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि गॅस सोडायचा. हा गॅस खोक्यांत शिरून जंतू मारतो. तो माणसालाही चांगला नाही, आणि ठिणगी मिळाली तर कोणालाच चांगला नाही. वास गोडसर असतो म्हणतात, पण तो नाकाला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून जंतू मेले की तो गॅस काढून टाकायचा. आतलं सगळं ओढून घ्यायचं, नायट्रोजन भरायचा, तोही ओढून घ्यायचा, पुन्हा भरायचा, असं सहा वेळा. याला आम्ही धुणं म्हणतो. सहा धुणी झाली की मगच दार. दार उघडलं की खोलीच्या मागचा पंखा आपोआप सुरू होतो आणि आत उरलंसुरलं जे असेल ते भट्टीकडे ओढून नेतो. भट्टीत ते जळून जातं. भट्टी म्हणजे काय, कायम पेटलेली आग. आता तुम्ही शिक्षक आहात, पुढचं तुम्हीच ओळखाल. धुण्याआधी दार उघडलं तर पंखा खोलीभर गॅस त्या आगीकडे ओढणार, आणि आग त्याच वाटेने परत खोलीत येणार. संगणक म्हणूनच सहा धुणी झाल्याशिवाय दार उघडू देत नाही. फक्त पाळीच्या प्रमुखाचा पासवर्ड टाकला तर देतो. तो पासवर्ड का ठेवला होता असं चौकशीत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

परवापरवापर्यंत भिंतीवर 'सुरक्षितता हाच आमचा श्वास' असा फलक होता. (जिथला श्वास घेऊ नये असं सरकारने सांगितलं आहे तिथे.) रोज सकाळी आठला आम्ही सगळे त्या फलकाकडे बोट दाखवून तीनदा ओरडायचो आणि मग कवायत. मान-होंग बोट दाखवायचा, पण ओरडायचा नाही. एकदा मॅनेजरने त्याला विचारलं की तुझा आवाज का येत नाही. तो म्हणाला, "व्हॉल्व्हला ऐकू येत नाही, साहेब." त्या महिन्यात त्याला शिस्तीचे गुण कमी पडले.

त्या गुरुवारी दुपारी तीन नंबरच्या खोलीचा गॅस मोजणारा काटा नीट चालत नव्हता. मान-होंगने रिकाम्या खोलीत थोडा थोडा गॅस सोडून तो तपासला. काटा दुरुस्त झाला. आता खोली मोकळी करून माल भरायचा होता, बाहेर दोन ट्रक उभे होते, आणि दर पाच मिनिटांनी मॅनेजरचा फोन येत होता. संगणक म्हणत होता सहा धुणी, म्हणजे दीड तास. खोलीत एकही खोकं नव्हतं, त्यामुळे आत काही नाही असं सगळ्यांना वाटलं. (नंतर कळलं की ते उलट होतं. खोकी असती तर त्यांनी थोडा गॅस शोषून घेतला असता. रिकाम्या खोलीत सगळा गॅस मोकळाच राहिला.) मग पासवर्ड टाकला गेला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी दार उघडलं गेलं. पंखा सुरू झाला. मी काचेच्या खोलीत बसलो होतो. आधी भट्टीकडून पावलं वाजल्यासारखा आवाज आला, कोणीतरी पत्र्याच्या नळीतून धावत यावं तसा, आणि मग काचच उरली नाही.

माझा कान सोडला तर चौघं जखमी झाले. तिघं बरे होऊन कामाला आले. मान-होंग दाराजवळ उभा होता. त्याचे दोन्ही कान गेले आणि दोन्ही हात भाजले. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे, कारण तो तुमच्या घरापासून तिसऱ्या घरात येऊन राहिला आहे. चौकशीच्या अहवालात लिहिलं आहे की देखभाल तंत्रज्ञाने खोली रिकामी असल्याचं सांगून धुणं टाळण्याचा आग्रह धरला. त्याचा परवाना रद्द झाला. मी त्याला चार पत्रं पाठवली. चारही न उघडता परत आली. पत्ता मात्र कोणीतरी खोडून नीट लिहिला होता, म्हणजे टपालवाल्याला त्रास होऊ नये.

असो. अहवालाचा एक परिणाम असा झाला की गॅसच्या प्रत्येक कारखान्याने कामगारांना 'प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीकडून' प्रशिक्षण द्यावं असा हुकूम निघाला. कंपनीने अशी व्यक्ती शोधली. मान-होंगला ऐकू येत नाही, तिघांनी नको म्हटलं, राहिलो मी. तेव्हापासून मी कारखान्या-कारखान्यांतून स्फोट कसा टाळावा हे शिकवत फिरतो. छातीवर पट्टी: 'सुरक्षा शिक्षक ग्वाक दल-सू'. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही माझं गणित पाहून म्हणाला होतात की हा दुसरं काहीही होईल, पण मास्तर होणार नाही. तुमचा अंदाज चुकला, पण फार नाही.

पहिल्या दोन ठिकाणी मी पडद्यावर चित्रं दाखवली. लोक झोपले. (एका ठिकाणी तर त्यांचा सुरक्षा अधिकारीच आधी झोपला, म्हणून इतरांना धीर आला.) तेव्हा मी ठरवलं की प्रयोग करून दाखवायचा. हिचा किमची मुरवायचा मोठा पारदर्शक डबा घेतला, ती झाली खोली. मागे भोक पाडून संगणकातला जुना छोटा पंखा बसवला. पंख्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती, ती झाली भट्टी. गॅसच्या जागी डासांच्या उदबत्तीचा धूर. झाकण उघडलं की पंखा फिरणार, धूर सरळ मेणबत्तीकडे जाणार, आणि आंधळ्यालाही कळणार की दार कुठे आणि आग कुठे. डब्याला भोक पाडलेलं हिने पाहिलं तेव्हा काय झालं ते लिहीत नाही. नवीन डबा आणला आहे.

मागल्या मंगळवारी इथून दोन तासांवरच्या एका कारखान्यात गेलो. (नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत.) सभागृहात शंभरएक लोक, पुढच्या ओळीत संचालक आणि त्यांचे साहेब लोक. मी उदबत्ती पेटवली. दमट होती, म्हणून तीन पेटवल्या. धूर डब्यात मावेल तेवढा मावला आणि उरलेला वर गेला. वर काय आहे हे प्रशिक्षणाला जाताना बघावं, असं मीच सगळ्यांना शिकवतो. वर धुराची सूचना देणारं यंत्र होतं, आणि गॅसचा कारखाना असल्यामुळे ते थेट अग्निशमन केंद्राला जोडलेलं होतं. मी "आता नीट बघा" म्हणालो आणि भोंगा वाजला. लोकांना वाटलं हा प्रयोगाचाच भाग आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लाल दिवे फिरायला लागले तशा टाळ्या थांबल्या.

वाऱ्याच्या उलट दिशेला, मोकळ्या पटांगणात जमायचं असा नियम आहे. शंभरातले ऐंशी लोक उपाहारगृहाकडे पळाले, कारण पाय रोज तिकडेच जातात. उपाहारगृह त्यांच्या भट्टीच्या धुराड्याखाली आहे. संचालक एका पायात चप्पल घालून बाहेर आले. सहा मिनिटांत दोन लाल गाड्या आणि एक रुग्णवाहिका. अधिकाऱ्याने मुखवटा चढवून मला विचारलं, "गॅस कुठे आहे?" मी डबा पुढे केला. त्याने मुखवटा काढला, डब्यात वाकून वास घेतला आणि म्हणाला, "किमचीचा येतोय." माझं नाव, पत्ता आणि डब्याचं माप त्याने लिहून घेतलं.

एवढं सगळं होऊन हजेरी चालली होती तेव्हा मी कठड्यावर एकटा बसलो होतो. तिथे एक बाई येऊन बसली. मो योन-रान. चाळिशीतली, त्यांच्या दोन नंबरच्या खोलीवर काम करते, सोळा वर्षं. तिने खिशातून उकडलेलं रताळं काढलं, अर्धं मला दिलं.

"सर, धुराचं कळलं," ती म्हणाली. "तुमचं पडद्यावरचंही कळलं असतं. गॅस काय करतो ते आम्हाला माहीत आहे."

"मग उपाहारगृहाकडे का पळालात?"

"मी नाही पळाले. मी इथेच होते." ती रताळं सोलत राहिली. "मला दुसरंच विचारायचंय. आमचा पाळीप्रमुख चांगला माणूस आहे. हसतखेळत असतो. ट्रक उभा असला की तो म्हणतो, शेवटची दोन धुणी सोड, काही होत नाही. ओरडून म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं. हसत म्हणतो. तेव्हा काय म्हणायचं? तुमच्याकडे त्या दिवशी नाही कोणी म्हटलं होतं का?"

मी म्हणालो, "कोणी नाही म्हटलं."

तिने रताळ्याची सालं मुठीत गोळा केली आणि म्हणाली, "नवल आहे. चार माणसांत एकालाही भीती वाटली नाही?" आणि हजेरीला तिचं नाव पुकारलं म्हणून गेली.

रताळं चांगलं होतं. मी ते तसंच रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. संचालकांनी निघताना हात मिळवला आणि म्हणाले की प्रशिक्षण अविस्मरणीय झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या खोल्यांचे पासवर्ड बंद केले आणि दाराजवळ गॅस मोजणारी यंत्रं मागवली असं कळलं, गॅस असेपर्यंत कुलूपच निघणार नाही अशी. ते माझ्या प्रयोगामुळे नाही. मो बाई त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली की नाहीतर मी उद्या अग्निशमनच्या त्याच अधिकाऱ्याला बोलावते, तो आता रस्ता ओळखतो.

पत्र लांबलं. तुमच्या डाव्या गुडघ्याला गरम शेक द्या, आणि तोही उजव्याइतकाच द्या. ताईला सांगा मासळी संपली. आम्हा दोघांचा तुम्हा दोघांना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्राच्या पुढेही राहावा.

तुमचा मेहुणा,
दल-सू

ता. क. ताईला वर लिहिलेलं मिठाचं दाखवू नका. मासळी आणखी आली तर चालेल.

ता. क. आणखी एक. दाजी, तुम्ही तीस वर्षं व्याकरण शिकवलंत. 'पासवर्ड टाकला गेला', 'दार उघडलं गेलं' हे वाचताना तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. कर्ता लपवला की वाक्य लंगडतं असं तुम्ही मलाही सांगितलं होतं. पासवर्ड मी टाकला. पाळीप्रमुख मी होतो, आणि तो पासवर्ड हिची जन्मतारीख होता. मो बाईला मी खोटं सांगितलं. एकाने नाही म्हटलं होतं. मान-होंग दाराजवळ उभा राहून म्हणाला होता, "दल-सू, धुऊ दे. मी गॅस सोडलाय आत." इतकी वाक्यं तो सलग कधी बोलत नाही. मी म्हणालो, "रिकाम्या खोलीत काय धुणार? हवेला आंघोळ घालतोस?" सगळे हसले. मॅनेजर फोनवर होता, तोही हसला. मान-होंगही थोडासा हसला, दाजी, आणि काट्याकडे वळला. मी चिडलो असतो तर तो अडून बसला असता, मला माहीत आहे. मी हसवलं.

ता. क. या पत्राआधी, काल, मी कामगार निरीक्षण कार्यालयाला नवा जबाब नोंदणी टपालाने पाठवला आहे. त्यात वरचं सगळं आहे, कर्त्यासकट. मान-होंगचं नाव अहवालातून निघावं आणि परवाना परत मिळावा असं लिहिलं आहे. माझं जे व्हायचं ते पुढच्या महिन्याच्या सुनावणीत कळेल. सुरक्षा शिक्षकाची पट्टी कालच परत केली. तेव्हा मला अडवायला फोन करू नका. टपाल गेलं आहे. हिला सगळं सांगितलं आहे. तिने वाढलेलं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "दाजींना लिहा. मग जेवा." म्हणून लिहितो आहे.

ता. क. शेवटचं, आणि पत्र खरं याच्यासाठी आहे. माझ्या हातचं पाकीट तो उघडत नाही, पण तुम्ही त्याचे गुरुजी आहात. तुम्ही दिलेला कागद तो परत करणार नाही. हे पत्र त्याच्याकडे घेऊन जा. गुडघ्यांपासून सगळं वाचू दे, मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही हे त्याला माहीत आहे. इस्पितळात निरीक्षकाने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्यापुढे धरलं होतं: 'धुणं सोडायला कोणी सांगितलं?' त्याचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. त्याने पाटी वाचली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून. मी उठलो आणि सगळ्यांसाठी चहा आणायला गेलो. परत आलो तोपर्यंत पाटी पुसलेली होती. दाजी, तो वाचत असेल तेव्हा उत्तर मागू नका, माझ्या बाजूने काही बोलू नका. फक्त त्याचं वाचून होईपर्यंत त्याच्याजवळून उठू नका.